स्टिअरिंग जड की हलकं? छोट्या स्पोर्ट्स कारसाठी मॅन्युअल आणि पॉवर स्टिअरिंगची निवड

पॉवर स्टिअरिंग नसलेल्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये पहिल्यांदा बसलेला माणूस बहुधा एकच चूक करतो. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवून बघतो, दंडाला झटका बसतो आणि तो म्हणतो, "ही रोज चालवणं आपल्याच्यानं व्हायचं नाही." मग गाडी हलते, वेग माणूस पळतो तेवढा होतो आणि तेच स्टिअरिंग बोटांनी फिरू लागतं. आता मत एकदम दुसऱ्या टोकाला जातं: "खरी गाडी म्हणजे मॅन्युअलच, पॉवर स्टिअरिंग म्हणजे हातात मोजे घालून तबला वाजवणं." दोन्ही मतं घाईची आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. स्टिअरिंगला किती जोर लागतो आणि स्टिअरिंग रस्त्याची किती खबर देतं, या वेगळ्या गोष्टी आहेत. जड स्टिअरिंग मुकं असू शकतं आणि हलकं स्टिअरिंग बोलकं असू शकतं. पुढचं सगळं वाचताना एवढं एक डोक्यात ठेवा, कारण पैसे आणि वेळ वाया जातात ते बहुधा इथेच.

आधी आत काय आहे ते पाहू

जवळजवळ सगळ्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये रॅक आणि पिनियन असतं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन. ते एका आडव्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, डावीउजवीकडे सरकवतं. रॅकच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड पुढची चाकं वळवतात. मॅन्युअल स्टिअरिंग एवढ्यावर संपतं. तुमचे हात आणि टायर यांच्यामध्ये फक्त लोखंड, ग्रीस आणि दोन-चार सांधे असतात.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये याच रॅकवर एक पिस्टन बसवलेला असतो आणि इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप त्या पिस्टनच्या एका बाजूला दाबाखालचं तेल पाठवतो. कोणत्या बाजूला आणि किती, हे ठरवतो पिनियनवरचा व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हच्या आत टॉर्शन बार नावाची बारीक सळई असते. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा टायर विरोध करतात, सळई किंचित पिळली जाते, त्या पिळाने व्हॉल्व्हची तोंडं उघडतात आणि तेल मदतीला येतं. पीळ थोडा तर मदत थोडी, पीळ जास्त तर मदत भरपूर. म्हणूनच बऱ्याच हायड्रॉलिक गाड्यांमध्ये सरळ रस्त्यावर, मध्याच्या आसपास, स्टिअरिंग जवळजवळ मॅन्युअलसारखं लागतं आणि खरी मदत मिळते ती पार्किंगमध्ये. ही सळई लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला त्रास देणार आहे.

विजेच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल आणि पंप दोन्ही जातात. सळईचा पीळ सेन्सर मोजतो आणि मोटर दांड्याला किंवा रॅकला ढकलते. किती ढकलायचं ते संगणक ठरवतो. दोन्हींच्या मधला एक प्रकारही आहे: तेल तेच, पण पंप विजेच्या मोटरवर. टोयोटाच्या मधोमध इंजिन असलेल्या एमआर२ या गाडीत तो वापरला गेला. इंजिन मागे आणि रॅक पुढे असताना बेल्टवरच्या पंपापासून लांबलचक नळ्या ओढण्यापेक्षा हे सोपं पडतं.

इतिहासात फार शिरत नाही, पण क्रम माहीत असलेला बरा. अमेरिकेतले अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकातच हायड्रॉलिक मदत चालवून दाखवली होती. विक्रीच्या मोटारीत ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. म्हणजे ती आधी आली लांबरुंद, वजनदार गाड्यांसाठी. छोट्या स्पोर्ट्स कारना तिची गरज बराच काळ नव्हती, कारण पुढच्या चाकांवर वजनच कमी आणि टायर अरुंद. टायर रुंद होत गेले तशी मदत आत शिरली. पोर्शे ९११ ला पॉवर स्टिअरिंग मिळालं ते १९८९ च्या सुमारास, ९६४ या पिढीत, आणि विजेचं मिळालं २०११ मध्ये, ९९१ मध्ये. दोन्ही वेळा चाहत्यांनी आता सगळं संपलं म्हणून गळा काढला होता. उलट टोकाला लोटस एलिस. १९९६ पासून २०२१ पर्यंत तिने पॉवर स्टिअरिंगला दारात उभं केलं नाही. पहिल्या पिढीची एलिस जेमतेम सव्वासातशे किलोची, इंजिन मागे, पुढचे टायर १८५ मिलिमीटर रुंद. अशा गाडीला मदत कशाला हवी?

खबर येते कुठून

हा भाग थोडा सावकाश वाचा. टेस्ट ड्राइव्हला काय शोधायचं ते इथून कळतं.

सायकलचा पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. मोटारीच्या पुढच्या चाकाचा वळण्याचा अक्षही तसाच मागे कललेला असतो. त्या कलाला कास्टर म्हणतात. त्यामुळे टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा अक्षाच्या रेषेच्या मागे पडते आणि चालत्या गाडीत चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. शिवाय वळणात टायरचं रबर जमिनीवर पिळलं जातं आणि बाजूचा जोर टायरच्या ठशाच्या, म्हणजे जमिनीला टेकलेल्या भागाच्या, मधोमध न लागता थोडा मागे लागतो. हाही चाकाला सरळ करू पाहतो. वळणात तुमच्या हाताला जो ताण लागतो तो या दोन्हींची बेरीज.

आता गंमत अशी की टायर पकडीच्या टोकाजवळ पोहोचू लागला की तो बाजूचा जोर ठशाच्या मध्याकडे सरकतो. पकड अजून सुटलेली नसते, पण चाकाची सरळ होण्याची ओढ आधीच ओसरू लागते. म्हणजे पुढची चाकं घसरण्याच्या अलीकडे स्टिअरिंग किंचित हलकं पडतं. चांगल्या स्टिअरिंगची सगळ्यात मोलाची खबर हीच. वाटेतली खडी आणि सांधे हाताला जाणवणं ही त्यामानाने करमणूक झाली.

मॅन्युअलमध्ये ही ओढ ओसरलेली थेट कळते. पॉवरमध्ये ती सळई आणि व्हॉल्व्हमधून गाळून येते. चांगल्या रचनेत गाळणी बारीक नसते, ओढ कमी झालेली समजते, फक्त लहान आवाजात. वाईट रचनेत मदत इतकी असते की जोर वाढला काय आणि ओसरला काय, हाताला दोन्ही सारखेच.

मॅन्युअल म्हणजे आपोआप उत्तम, असंही नाही. अल्फा रोमिओ ४सी या कार्बन फायबरच्या छोट्या गाडीला मदत नव्हती. तरीही खाचखळगे असलेल्या रस्त्यावर ती चाकोऱ्यांच्या मागे धावते आणि स्टिअरिंग हातात ओढाओढ करतं, ही तक्रार बहुतेक परीक्षकांनी केली. हाताला येणाऱ्या प्रत्येक धक्क्याला खबर म्हणत नाहीत. बराचसा नुसता गोंगाट असतो.

पायरी १: आपल्या गाडीत नक्की काय आहे ते ओळखा

बॉनेट उघडा. पंप, त्याचा बेल्ट आणि तेलाची छोटी टाकी दिसली तर हायड्रॉलिक. काहीच दिसत नसेल तर मॅन्युअल किंवा विजेचं. मग गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हलवा, नंतर इंजिन चालू करून हलवा. फरक जमीन-अस्मानाचा असेल तर विजेचं.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग किती फेरे घेतं तेही मोजा, कारण मॅन्युअल आणि पॉवर यांच्यातला फरक नुसत्या पंपाचा नसतो. माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी, १९८९ ची, हे शिकायला उत्तम उदाहरण. तिला दोन्ही प्रकारचे रॅक मिळत. मॅन्युअलचं गुणोत्तर सुमारे १८ ला १, पॉवरचं सुमारे १५ ला १. म्हणजे मॅन्युअलमध्ये चाक तेवढंच वळवायला हात जास्त फिरवावे लागतात, पण जोर कमी लागतो. पॉवरचा रॅक चपळ, कारण जोराची काळजी पंप घेतो. हिशेब सोपा आहे: तोच चपळ रॅक पंपाशिवाय वापरला तर खऱ्या मॅन्युअल रॅकपेक्षा साधारण २० टक्के जास्त जोर लागणार. पंप काढलेली पॉवर गाडी चालवून "मॅन्युअल फार जड बुवा" म्हणणाऱ्यांनी खरं मॅन्युअल चालवलेलंच नसतं.

पायरी २: उभ्या गाडीची तपासणी

इंजिन बंद. स्टिअरिंग दोन बोटांनी डावीउजवीकडे हलकेच हलवा आणि दुसऱ्या कुणाला पुढचं चाक बघायला सांगा. चाक हलायच्या आधी स्टिअरिंग जितकं रिकामं फिरतं तो प्ले. हायड्रॉलिक गाडीत सळईमुळे थोडा मऊपणा असणारच. पण टकटक आवाज आला तर टाय रॉडचे सांधे किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावरचे जोड झिजलेत. झिजलेल्या सांध्यांवरून कुठल्याही प्रकाराबद्दल मत बनवू नका.

रॅकच्या दोन्ही टोकांना घडीदार रबरी बूट असतात, ते दाबून बघा. आत तेल खळखळलं तर रॅकची सील गेली. फाटलेला बूट दिसला तर समजा आत धूळ आणि पाणी गेलंय, म्हणजे गंज. टाकीतलं तेल काळं असेल किंवा त्याला जळका वास येत असेल तर मालकाने तिकडे वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलेलं नाही.

इंजिन चालू करून टोकापर्यंत वळवा. अगदी टोकाला दाबलं की हिस्स असा आवाज येतो, तो दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा आणि नेहमीचा. तिथे दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तेल तापतं आणि पंपाचं आयुष्य घटतं. सरळ असतानाही सतत कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर तेल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे.

पायरी ३: चालवून बघा, पण क्रमाने

सगळ्यात आधी सर्वांत कंटाळवाणं काम: गाडी घट्ट जागेत लावा आणि काढा. दोनदा. उलट्या गिअरमध्येही. मागे जाताना कास्टरचा परिणाम उलटा होतो, स्टिअरिंग सरळ व्हायच्या ऐवजी आणखी वळायला बघतं, आणि मॅन्युअल गाडीत हे हाताला चांगलंच जाणवतं. तुम्हाला जिथे रोज गाडी लावायची आहे तिथली जागा कशी आहे ते आठवा. बऱ्याचदा निकाल इथेच लागतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

मग मध्यम वेगाने एक लांब, एकसारखं, मोकळं वळण. तोल ढळेल इतका वेग नको. वळणात हात स्थिर ठेवा आणि वेग हळूहळू थोडा वाढवा. ताण वेगाबरोबर चढतो का? चढत असेल तर स्टिअरिंग बोलतंय. पार्किंगमध्ये जेवढा जोर लागला तेवढाच इथेही, तिथेही, सगळीकडे सारखाच लागत असेल तर तो नुसता जडपणा. वळण संपताना पकड सैल करा, रिम (स्टिअरिंगचं गोल कडं) तळव्यातून आपोआप सरकत मध्यावर यायला हवी.

यानंतर खराब रस्ता. अंगठे रिमच्या आत अडकवू नका, बाहेरच्या बाजूला ठेवा. मॅन्युअल रॅकमध्ये खड्ड्याचा धक्का उलट येतो आणि आत अडकलेला अंगठा दुखावतो. पॉवरमध्ये तेल हा धक्का बराच पिऊन टाकतं. लांबच्या प्रवासात हा फरक खांद्यांना कळतो, पहिल्या दहा मिनिटांत नाही. शक्य असेल तर तासभर चालवल्याशिवाय ठरवू नका.

शेवटी एक खास तपासणी, फक्त हायड्रॉलिक गाडीसाठी. इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून मोकळ्या जागेत, हळू चालत्या गाडीत स्टिअरिंग झपकन एका बाजूकडून दुसरीकडे फिरवा. पंप थकलेला असेल तर मधेच स्टिअरिंग अचानक आखडल्यासारखं होतं: हात पुढे गेले, तेल मागे राहिलं. शंकूंमधून गाडी वळवण्याच्या स्पर्धांमध्ये लोक याच क्षणी पॉवर स्टिअरिंगला शिव्या घालतात. दोष बहुधा जुनं तेल आणि ढिला बेल्ट यांचा असतो.

पायरी ४: काही काढण्याआधी आहे ते नीट करा

माझं स्वतःचं मत विचाराल तर ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हिच्यावरून उडी मारून पुढे जाणारेच जास्त.

हवा तपासा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर ठसा मोठा होतो, स्टिअरिंग जड होतं आणि मंदही. मूळ मापापेक्षा रुंद टायर टाकले असतील तर तेच. पहिली एमएक्स-५ कारखान्यातून १८५ मिलिमीटरच्या टायरवर निघायची. तिच्यावर २०५ किंवा २२५ चे टायर चढवायचे आणि मग मॅन्युअल जड लागतं म्हणून तक्रार करायची, हे म्हणजे पायात दगड बांधून पोहणं अवघड आहे म्हणण्यासारखं.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी. कास्टर वाढवला की सरळ रेषेतली स्थिरता आणि मध्यावर परत येण्याची ओढ वाढते, पण जोरही वाढतो. पॉवर असलेल्या गाडीला भरपूर कास्टर परवडतो. मॅन्युअलसाठी अर्धा-एक अंश कमी केला तरी हाताला फरक पडतो. अलाइनमेंट करणाऱ्याला "सगळं हिरव्यात आणून द्या" (म्हणजे यंत्रावरच्या ठरलेल्या मर्यादेत) एवढंच सांगू नका. दोन्ही बाजूंचा कास्टर सारखा ठेवा, टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) शून्याच्या जवळ ठेवा, आणि आकड्यांचा कागद मागून घ्या.

स्टिअरिंगची रिम बदलायचा मोह होईल. ३७० मिलिमीटरच्या जागी ३५० ची लावली तर जोर साधारण ६ टक्क्यांनी वाढतो, हे तरफेचं साधं गणित आहे. मूळ रिममध्ये एअरबॅग असेल तर ती काढणं म्हणजे सुरक्षा काढणं, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका.

हायड्रॉलिक गाडीत तेल बदला. कोणतं टाकायचं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, काहींना वेगळं लागतं, आणि दोन्हींचं मिश्रण करू नये. हवा काढायची तर पुढची चाकं उचलून गाडी भक्कम स्टँडवर ठेवा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश बरेचदा फिरवा, टाकी भरत राहा, बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. नवं तेल, नवा टाय रॉडचा सांधा आणि नीट अलाइनमेंट एवढ्यावर कित्येकांचं मॅन्युअलचं वेड उतरतं.

पायरी ५: तरीही पंप काढायचाच असेल तर

विजेचं स्टिअरिंग असेल तर इथेच थांबा. फ्यूज काढून "मॅन्युअल" केलेल्या गाडीत तुम्ही मोटर आणि तिचे दातेही हाताने ओढत असता. जोर वाढतो, खबर उलट कमी होते. शिवाय नव्या गाड्यांत स्थिरता सांभाळणाऱ्या यंत्रणा स्टिअरिंगच्या सेन्सरवर अवलंबून असतात. पुढचं सगळं फक्त हायड्रॉलिकसाठी.

पहिला, कच्चा मार्ग: बेल्ट काढून दोन दिवस चालवून बघणं. चव घ्यायला ठीक. पण आधी तो बेल्ट आणखी काय फिरवतो ते बघा. पहिल्या एमएक्स-५ मध्ये पंप आणि एसी एका बेल्टवर आहेत, त्यामुळे एसी बंद पडेल, एवढंच. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवतो, तिथे बेल्ट काढला की इंजिन तापून बसेल. आणि हेही ध्यानात घ्या की न फिरणाऱ्या पंपातून तुम्ही हातांनी तेल ढकलताय. हे खऱ्या मॅन्युअलपेक्षा जड असतं.

दुसरा मार्ग: पंप काढून रॅकच्या दोन नळ्या एकमेकींना जोडणं. पिस्टनच्या एका बाजूचं तेल किंवा हवा दुसऱ्या बाजूला जात राहते. स्वस्त, एका दुपारचं काम, आणि हवं तेव्हा परत फिरता येतं. माझ्या गाडीला मी आधी हेच केलं आणि महिनाभर स्वतःची समजूत घालत राहिलो की झकास झालंय. प्रत्यक्षात मध्यावर एक रबरी, उशिरा उत्तर देणारा भाग तयार झाला होता. कारण तीच टॉर्शन बारची सळई! मदत असताना तिचा पीळ उपयोगाचा, पण पंप गेल्यावर ती फक्त पिळते, आणि व्हॉल्व्हच्या आतल्या कडा एकमेकींना टेकेपर्यंत चाकांना काही कळतच नाही. म्हणजे मी खबर वाढवायला निघालो आणि पदरात पडला नुसता जडपणा.

तिसरा मार्ग, नीट केलेला: रॅक गाडीतून काढून पूर्ण उघडायचा. पिस्टनवरची सील काढायची, म्हणजे हवा अडत नाही. व्हॉल्व्हमधली सळई पिळू नये म्हणून तो भाग वेल्ड करून एकसंध करायचा. जुनं तेल पुसून सगळीकडे नवं ग्रीस, तेलाची भोकं बंद, नवे बूट. रॅकला पिनियनवर दाबून धरणारा स्प्रिंगचा भाग परत बसवताना त्याचा ताण पुस्तिकेप्रमाणे लावायचा. तो जास्त झाला तर स्टिअरिंग मध्यावर परत येत नाही, कमी झाला तर खड्ड्यात खडखडतं. वेल्डिंगच्या उष्णतेने बेअरिंग आणि सील जळतात, म्हणून ती आधी उतरवावी लागतात. स्टिअरिंगमधलं वेल्डिंग हे नवशिक्याने हात साफ करून घेण्याचं काम नव्हे. ज्याने असे रॅक आधी केले आहेत त्याच्याकडूनच करून घ्या.

चौथा: त्याच गाडीसाठी कारखान्याने बनवलेला मॅन्युअल रॅक मिळवणं. सळईच नाही, गुणोत्तर मंद, त्यामुळे पार्किंग सोपं. याची किंमत फेऱ्यांमध्ये मोजावी लागते. पहिल्या एमएक्स-५ मध्ये पॉवरला टोकापासून टोकापर्यंत तीनपेक्षा कमी फेरे पुरतात, मॅन्युअलला तीनपेक्षा जास्त लागतात. रोजच्या रस्त्यावर मला हाच सगळ्यात सुखाचा वाटतो. ट्रॅकवर, गाडीची शेपटी सुटली की मात्र हातांची तारांबळ उडते. तिथे वेल्ड केलेला चपळ रॅक बरा.

वजन आणि ताकद वाचते का? पंप, नळ्या, तेल मिळून काही किलो कमी होतात, तेही पुढच्या भागातून, आणि इंजिनला एक ओझं कमी. पण ते वाचवायला म्हणून कुणी हे करू नये. सरळ जाताना पंप फारसं काही खात नाही. बॉनेटखाली जागा मोकळी होते आणि गळणाऱ्या नळ्यांची कटकट जाते, हा फायदा मला जास्त खरा वाटतो. पंपाला प्रेशर स्विच असतो, जो पार्किंगमध्ये इंजिनच्या फेऱ्या सावरायला सांगतो. त्याची वायर बांधून सुरक्षित ठेवा. एसी ठेवायचा असेल तर बेल्टची वेगळी मांडणी लागेल, ती आधी ठरवा. आणि असा बदल तुमच्याकडच्या वाहन नियमांत आणि विम्यात बसतो का, हे काम सुरू करण्याआधी विचारा.

उलट प्रवास, म्हणजे मॅन्युअल गाडीत पॉवर बसवणं, पंप, तो धरणारं ब्रॅकेट, नळ्या, रॅक असं सगळं गोळा करत करावं लागतं. त्यापेक्षा पॉवर असलेली गाडी शोधणं बहुतेक वेळा शहाणपणाचं.

मॅन्युअल चालवायची सवय

एकच नियम नव्वद टक्के त्रास वाचवतो: चाकं फिरत असल्याशिवाय स्टिअरिंग वळवू नका. उभ्या गाडीत टायरचा ठसा जमिनीवर घासत जागच्या जागी फिरवावा लागतो. चाक घरंगळू लागलं की प्रत्येक क्षणी नवं रबर जमिनीला लागतं आणि विरोध कोसळतो. गोगलगाईच्या वेगाने का होईना, गाडी सरकवा, मग वळवा. क्लच नीट सांभाळता येईपर्यंत हे अवघड वाटतं, नंतर हात आपोआप थांबतात.

सीट जवळ घ्या. पाठ टेकलेली असताना मनगट रिमच्या वरच्या कडेवर पोचायला हवं. हात ताठ असतील तर खांद्याने वळवावं लागतं आणि अर्ध्या तासात मान दुखते. हात घड्याळातल्या ९ आणि ३ वर. आणि रिम आवळून धरू नका. आवळलेल्या मुठीला पकड ओसरल्याची खबर लागत नाही, मग मॅन्युअल घेऊन काय मिळवलं?

मग कुणी काय घ्यावं

गाडी हजार किलोच्या आतली, इंजिन मागे किंवा मध्ये, टायर अरुंद, आणि रोज घट्ट पार्किंग नाही: मॅन्युअल, बेलाशक. इंजिन पुढे पण गाडी पहिल्या एमएक्स-५ सारखी साडेनऊशे किलोच्या घरातली: दोन्ही चालतील, जी गाडी चांगल्या स्थितीत मिळेल ती घ्या. रुंद, चिकट टायरांवर ट्रॅकला जाणार असाल तर पॉवर ठेवा. शर्यतीच्या गाड्यांतही मदत असते, आणि दमलेले हात शेवटच्या फेऱ्यांमध्ये चुका करतात. खांदा, मनगट किंवा मानेचं दुखणं असेल किंवा घरातलं दुसरं कुणी तीच गाडी चालवणार असेल, तर हट्ट सोडा. होंडानेही पहिल्या एनएसएक्समध्ये, १९९० साली, मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीला मदत दिली नव्हती आणि ऑटोमॅटिकला विजेची दिली होती. गाडी तीच, चालवणारा वेगळा.

विजेच्या स्टिअरिंगवर सरसकट काट मारू नका. एमएक्स-५ च्या २०१५ च्या पिढीचं स्टिअरिंग पूर्ण विजेचं आहे आणि पायरी ३ मधल्या लांब वळणाच्या परीक्षेत ती कित्येक थकलेल्या हायड्रॉलिक गाड्यांपेक्षा बरी उतरते.

रॅकला हात लावलाच असेल तर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी पुन्हा वर घ्या. टाय रॉडचे लॉक नट, रॅकचे बोल्ट आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा जोड ठरलेल्या टॉर्कवर तपासा, बूटच्या पट्ट्या जागेवर आहेत का ते बघा, आणि अलाइनमेंटचा नवा कागद जुन्याशेजारी ठेवून आकडे ताडून पाहा.